जीपच्या पाठीवरचा दिवा

जुन्या जीपला मागे जादा दिवे लावायचे ठरले की बहुतेक मालक आधी दुकानात जाऊन दिवा निवडतात आणि वायरिंग वायरमनवर सोपवतात. हा क्रम उलटा आहे, आणि काम बिघडते ते तिथूनच. मागचा दिवा चालकाला काहीच दाखवत नाही. तो मागून येणाऱ्याला सांगतो की पुढे गाडी आहे, ती इतक्या अंतरावर आहे आणि आता ती थांबते आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप बनवणाऱ्यांनी हे नेमके ओळखले होते. अंधारात दिवे झाकून चालणाऱ्या ताफ्यासाठी त्यांनी मागच्या दिव्यांच्या चिरा अशा आखल्या की फार लांबून एकच ठिपका दिसावा, योग्य अंतरात दोन दिसावेत आणि चालक फार जवळ आला की त्या दोनांचे चार व्हावेत. उजेड अगदी जेमतेम, पण मागच्या चालकाला अंतर कळे. आजच्या जीपच्या मागे काय जोडायचे हे ठरवतानाही कसोटी हीच हवी. जो दिवा मागच्याला नवी माहिती देत नाही तो कितीही झगझगीत असला तरी लावू नये.

म्हणून पहिले काम आहे त्या दिव्यांचे. जुन्या टेल लॅम्पची लाल काच धरून ठेवणारे दोन स्क्रू काढले की आत एकच बल्ब दिसतो. त्यात दोन तारा असतात: पार्किंगची 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची. होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला असतो, काचेच्या आत पावसाळ्यातला चिखल सुकून बसलेला असतो आणि मागचा परावर्तक काळवंडलेला असतो. खरी मेख मात्र अर्थिंगमध्ये असते. बल्बमधून निघालेला करंट होल्डर, दिव्याची खोळ, स्क्रू, टबचा पत्रा आणि चॅसी असा प्रवास करत बॅटरीकडे परततो. यातला प्रत्येक सांधा गंजतो आणि रंगकामात प्रत्येकावर रंगाचा थर बसतो. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घसरतो: व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड सुमारे तीस टक्के जातो. ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा दिवा मंदावत असेल किंवा इंडिकेटर मिणमिणत असेल, तर करंटला परतीची वाट सापडत नाही आणि तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आहे, असे समजावे. प्रत्येक दिव्यापासून वेगळी अर्थ वायर थेट चॅसीपर्यंत न्यावी, तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, लग आवळावा आणि वर ग्रीस लावावे. एवढ्याने जुन्याच दिव्यांना जो उजेड येतो, तो पाहून नवा दिवा घेण्याचा अर्धा हट्ट ओसरतो.

उरलेला अर्धा मात्र रास्त आहे. जुन्या जीपमध्ये ब्रेक आणि पार्किंग एकाच काचेमागे असतात. मागच्याला फक्त उजेडातला फरक ओळखायचा असतो, आणि मळलेल्या काचेतून तो ओळखू येत नाही. उंचावरचा, पार्किंगच्या दिव्यांपासून वेगळा असलेला ब्रेक लाइट ही अडचण सोडवतो. 1974 साली जॉन व्होएव्होद्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर असा दिवा लावून पाहिला आणि मागून बसणाऱ्या धडका निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. अमेरिकेत 1986 च्या मॉडेलपासून मोटारींना तो सक्तीचा झाला. पुढे सर्वत्र तो दिवा दिसू लागल्यावर नवलाई संपली आणि तिथल्या सरकारी पाहणीत फायदा 4.3 टक्क्यांवर स्थिरावला. या घसरणीकडे बोट दाखवून कुणी दिवा निरुपयोगी ठरवेल. पण सवय होऊनही जो फायदा टिकला तोच खरा फायदा, आणि एका छोट्या दिव्याकडून तो मिळत असेल तर तो लावलाच पाहिजे. कापडी हूडच्या जीपवर जागेचा प्रश्न येतो. रोलबार हूडच्या आत राहतो आणि मागची प्लास्टिकची खिडकी धूसर असते. म्हणून मागे टांगलेल्या स्टेपनीच्या ब्रॅकेटवर, टायरच्या कडेच्या वर येईल अशी पट्टी बसवून दिवा लावणे उत्तम. फाळक्याच्या बिजागरीपाशी वायरला ढील सोडावी, नाहीतर उघडझाकीत ती आतल्या आत तुटते आणि वरून धडधाकट दिसत राहते.

दुसरा दिवा धुक्याचा. आंबोली, ताम्हिणी किंवा माळशेजला जुलैत जो गाडी चालवतो त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत मागच्या पार्किंग दिव्याला किमान 4 कँडेला उजेड पुरतो. मागच्या फॉग लॅम्पला 150 ते 300 लागतो. हा फरकच सांगतो की धुक्यात पार्किंगचे दिवे जवळपास नसल्यासारखेच असतात. यावर घाटात एक उत्तर नेहमी ऐकू येते: चारही इंडिकेटर चालू ठेवले की झाले. ते झाले नाही. तसे केल्यावर वळणाचा इशारा देता येत नाही, आणि उघडझाप करणाऱ्या दिव्याचे अंतर डोळ्याला नीट जोखता येत नाही. थांबलेली गाडी आणि चालती गाडी यांतला फरकही पुसला जातो. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी राहू द्यावेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फॉग लॅम्प मागच्याचे डोळे दिपवतो. स्वच्छ रात्री किंवा साध्या पावसात तो दिपवतोच. म्हणून त्याच्या रिलेला हेडलाइटच्या सर्किटवरून चाप ठेवावा, म्हणजे हेडलाइट बंद झाले की तोही विझेल. डॅशबोर्डवर पिवळा सूचक दिवा हवा आणि धुके विरळ होताच बटण बंद व्हायला हवे. शंभर मीटरपलीकडचे दिसत असेल तर त्याची गरज नाही. दिवा एकच पुरे, तो उजव्या बाजूला, चालकाच्या अंगाला असावा. ब्रेक लाइटपासून तो दहा सेंटिमीटरहून अधिक लांब हवा, कारण दोघांचा उजेड जवळपास सारखा असतो आणि शेजारी लावले तर ब्रेक लागलेला कळत नाही. 21 वॅटच्या बल्बला 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर करंट लागतो, म्हणजे 5 अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे.

रिव्हर्सचा दिवा तिसरा, आणि तो गिअरबॉक्सवरच्या स्विचवर चालणार असेल तरच. हाताच्या बटणावर ठेवलेला पांढरा दिवा कधीतरी चालू राहतोच, आणि रस्त्यावर पुढे जाताना मागे पांढरा उजेड दाखवणे नियमबाह्य आहे. कॅम्पसाठी लावलेल्या एलईडी पट्टीलाही हेच लागू.

एलईडी बल्ब टाकला की सगळे सुटते, असे सांगणारे बरेच भेटतात. एलईडी तारेच्या बल्बपेक्षा सुमारे 0.2 सेकंद आधी पेटतो, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाला तेवढ्यात गाडी तीन मीटरहून अधिक जाते. हा लाभ खरा आहे. म्हणूनच उंचावरच्या ब्रेक लाइटसाठी सीलबंद एलईडी दिवा घ्यावा. पण तारेसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब कोंबला तर प्रकाश हवा तिथे पडत नाही, आणि लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबी दिसतो. इंडिकेटरमध्ये तो टाकला तर जुना फ्लॅशर बिथरतो, तोही बदलावा लागतो. जीपचे मूळ रूप जपणाऱ्यांची तक्रारही मी हलकी मानत नाही. टबला नवे भोक पाडूच नये. बंपरच्या आणि स्टेपनीच्या बोल्टवर बसणारी ब्रॅकेट तासाभरात काढता येते.

अनेक जुन्या जीपमध्ये ब्रेक लाइटचा स्विच मास्टर सिलिंडरपाशी, तेलाच्या दाबावर चालणारा असतो. त्याचे संपर्क झिजतात, म्हणून नव्या दिव्याचा भार त्याच्यावर न टाकता मध्ये रिले घ्यावा. काम संपल्यावर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट, फॉग आणि ब्रेक एकदम लावून, मीटरची टोके बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर टेकवावीत. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक पडला, तर वायरमनला अजून सोडू नये.