सात खुणांत मावलेले मनगट

अमेरिकेतल्या हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरतो, माणूस तळहात टेकून पडतो आणि उजव्या मनगटाजवळचे रेडियस हे हाड मोडून हाताच्या पाठीकडे सरकते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, या अस्थिभंगाचे वर्णन केले. आज अमेरिकी रुग्णालयाच्या नोंदीत तो असा दिसतो : एस५२.५३१ए.

निदानाचे कोडिंग शिकणाऱ्याने हा कोड उलगडून पाहावाच. ‘एस५२’ म्हणजे कोपर ते मनगट या भागातला अस्थिभंग. पुढचा ५ रेडियसचे खालचे टोक दाखवतो, ३ कॉलिसचा प्रकार आणि १ उजवा हात. डावा असता तर तिथे २ आला असता. शेवटच्या ‘ए’पाशी नवशिके हमखास अडखळतात. त्याचे अधिकृत नाव ‘पहिली भेट’ असले, तरी हाड बसवण्याचे उपचार चालू आहेत तोवर, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तरी, ‘ए’च राहतो. हाड नीट जुळून येऊ लागले की तपासणीच्या भेटीला ‘डी’ लागतो. जखम उघडी नाही, हेही या ‘ए’तच आले. एवढ्याशा जागेत इतका अर्थ भरणारी लिपी मला खरोखर विलक्षण वाटते.

बर्फावर पडण्याचाही वेगळा कोड आहे : डब्ल्यू००.०एक्सएक्सए. त्यातल्या दोन ‘एक्स’ना अर्थ नाही. सातवी खूण सातव्याच जागी यावी म्हणून त्या रिकाम्या जागा भरतात.

या व्यवस्थेचे मूळ मृत्यूंच्या नोंदीत आहे. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूबरोबर आजारही तिच्यात सामावले. अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली. अमेरिकेत मात्र २०१५पासून दहावीचे विस्तारित रूप वापरतात. पुण्या-नवी मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करणारी मुले-मुली तेच शिकतात.

त्यांचा पहिला नियम असा : अकारविल्हे सूचीत शब्द शोधा, पण तिथला कोड मुख्य यादीत पडताळल्याशिवाय लिहू नका. दुसरा मला त्याहून मोलाचा वाटतो. बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘न्यूमोनियाची शंका’ लिहिले असेल, तर न्यूमोनियाचा कोड चालत नाही. खोकला आणि ताप यांचेच कोड द्यायचे. शंकेला निदान मानले, तर रुग्णाच्या नावावर नसलेला आजार चिकटतो आणि तो पुढे विम्याच्या कागदांतही जातो.

मनगटाचेही तसेच. डॉक्टरांनी कॉलिसचे नाव न घालता ‘उजव्या रेडियसच्या खालच्या टोकाचा अस्थिभंग’ एवढेच लिहिले असेल, तर क्ष-किरणाचे चित्र समोर असले तरी ते पाहून प्रकार ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही. त्याने डॉक्टरांना लेखी विचारावे. अधिक तपशील मिळाला नाही, तर कोड एस५२.५०१ए.