रणातलं आगर

‘वाळवंटात माणसं पोटाला काय मिळवतात, ते बघून या,’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आल्या. कच्छच्या छोट्या रणात वाळू नाहीच. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर भेगाळलेला, राखाडी चिखल. मधली उंचवट्याची बेटं सोडली तर गवताची काडी नाही. इथे पिकतं ते मीठ, आणि ते पिकवणारे अगरिया, म्हणजे आगरात मीठ काढणारे. आपल्या आगरी समाजाच्या नावातही तेच आगर आहे.

इंग्रजांच्या काळात रणाच्या काठावरच्या खाराघोडा गावात मिठाचा मोठा व्यापार उभा राहिला, रेल्वे आली. हा इतिहास गावात कुणीही सांगतं. मला मात्र ओढ लागली ती रणात राहणाऱ्या एका बाईंच्या दंताळ्याची.

उरणच्या मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात. इथे खारं पाणी जमिनीच्या पोटातून उपसावं लागतं आणि ते समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट असतं. पावसाळा ओसरला की कुटुंबं ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून येतात, विहीर खणतात, अनवाणी पायांनी चिखल तुडवून वाफ्यांचा तळ घट्ट करतात. मग पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत, आटत जातं. त्याचा दाटपणा ‘डिग्री’त मोजतात. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन डिग्रीचं. चोवीस-पंचवीसला मीठ धरू लागतं. फार पुढे जाऊ दिलं तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिसळतात आणि माल बिघडतो.

बाई पिंडरीभर पाण्यात उतरल्या आणि जड लाकडी दंताळं तळावरून ओढू लागल्या. खडे एकमेकांना चिकटून थर बसू नये, प्रत्येक खडा सुटा आणि मोठा वाढावा, म्हणून हे दिवसामागून दिवस करायचं. दंताळं पुढे सरकलं की खालून काचा घासल्यासारखा आवाज येई. ‘भाई, आवाजावरून कळतं खडा केवढा झालाय ते,’ त्या म्हणाल्या. मी कान देऊन ऐकलं. मला सगळा आवाज सारखाच वाटला. त्यांना आपल्या वाफ्याचा कोपरान् कोपरा ठाऊक होता.

पूर्वी पाणी उपसणारं डिझेलचं इंजिन कमाईचा मोठा हिस्सा खाऊन टाकी. आता अनुदानातून सौरपंप आले आहेत आणि अनेक घरांचा हा खर्च खाली आला आहे. ही मोठी गोष्ट आहे.

पण बाकीचं ओझं तसंच आहे. हंगामाआधी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, तिच्या बदल्यात मीठ त्यालाच द्यायचं. जागेवर किलोला रुपयाही सुटत नाही. पिण्याचं पाणी टँकर आणेल तेव्हा. मिठाने पायांची कातडी फाटते, टणक होते. चितेवरही अगरियाचे तळवे जळत नाहीत, असं इथे म्हणतात. अवकाळी पावसाची एक सर आली की महिन्यांची मेहनत विरघळते. कालव्याचं जादा पाणी रणात शिरलं तरी तेच.

सगळ्यात मोठा घोर जमिनीचा. 1973 साली इथे रानगाढवांसाठी अभयारण्य जाहीर झालं. ते प्राणी जपायलाच हवेत. पण पिढ्यान् पिढ्या याच आगरांवर राबलेल्या बहुतेक कुटुंबांच्या हाती जमिनीचा कागद नाही. देशातलं बहुतांश मीठ गुजरातेत तयार होतं. त्यातला एक वाटा या बिनकागदाच्या माणसांचा आहे. मीठ पिकवण्याचा त्यांचा हक्क सरकारने लेखी मान्य करावा, आणि तो पुढचा हंगाम सुरू होण्याआधी करावा.