मोजक्या रोलचे रंग

लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. भंडाऱ्याचा पिवळा, घोंगडीचा काळा आणि रात्री तमाशाच्या फडातले झगझगीत दिवे. रंगीत फिल्मची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. त्यातून फिल्म मोजक्याच संख्येने तयार झालेली असेल, तर बिघडलेले चित्र नवा रोल आणून पुन्हा घेता येत नाही. अशी फिल्म कशी वापरावी हे समजण्यासाठी तिच्यावर रंग कसा उमटतो ते आधी पाहू.

फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचे पातळ थर असतात व त्यांत सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. वरचा थर निळ्या, मधला हिरव्या आणि खालचा तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देतो. रोल धुताना डेव्हलपर हे द्रव्य प्रकाश लागलेल्या स्फटिकांची चांदी बनवते. या क्रियेत डेव्हलपरचे ऑक्सिडीकरण होते आणि ते थरातील 'कपलर' या द्रव्याशी संयोग पावून रंग तयार करते. वरच्या थरात पिवळा, मधल्यात मॅजेंटा व खालच्यात सायन. नंतर चांदी काढून टाकतात. उरतो तो फक्त रंग.

आता भंडारा घ्या. हळद निळा प्रकाश शोषते. तांबडा व हिरवा परत पाठवते. म्हणून खालचे दोन थर काम करतात. मॅजेंटा व सायन मिळून निगेटिव्हवर भंडारा निळा दिसतो आणि कॉपी काढताना उलट होऊन पुन्हा पिवळा होतो.

कोडाक कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मची गोष्ट मात्र वेगळी होती. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधलेली ही फिल्म १९३५ साली बाजारात आली. तिच्यात कपलर नसत. ते धुतानाच एकेका थरासाठी द्यावे लागत. त्यामुळे रंग टिकाऊ मिळत, पण धुण्याची क्रिया किचकट होती. २००९ साली कंपनीने उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले आणि शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना दिला. छत्तीस चित्रे! ती त्यांनी न्यूयॉर्क, मुंबई, राजस्थान अशा ठिकाणी पुरवून पुरवून घेतली. मुंबईत आमिर खान व अमिताभ बच्चन यांची चित्रे त्याच रोलवर उमटली. २०१० साली तो अमेरिकेतील पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेत धुतला गेला. ३० डिसेंबर २०१० नंतर त्या प्रयोगशाळेने हे रोल घेणे थांबवले. आज एखाद्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम सापडला तर त्यातून कृष्णधवल चित्र निघू शकेल. रंग येणार नाहीत, कारण ते त्या फिल्ममध्ये कधी नव्हतेच.

उलट उदाहरण इंग्लंडमधील हार्मन कंपनीचे. कृष्णधवल फिल्मसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये 'फीनिक्स २००' ही आपली पहिली रंगीत फिल्म मर्यादित आवृत्ती म्हणून आणली. तिच्या रोलमध्ये कपलर आहेत, म्हणून नेहमीच्या सी-४१ पद्धतीने ती धुता येते. पण नेहमीच्या निगेटिव्हची नारिंगी छटा तिच्यात नाही. ही छटा कशासाठी असते? मॅजेंटा व सायन हे रंग शुद्ध नसतात. शोषू नये तो प्रकाशही ते थोडा शोषतात. नारिंगी छटा ही चूक भरून काढते. ती नसेल तर रंगांचा हिशेब कॉपी किंवा स्कॅन करताना जुळवावा लागतो.

दुसरा गुण दिव्यांभोवती दिसतो. तीव्र प्रकाश सगळे थर ओलांडून पट्टीच्या मागच्या पृष्ठभागावर आपटतो व परत फिरतो. परतताना त्याला पहिला भेटतो तो तांबड्याचा थर. म्हणून फडातल्या दिव्याभोवती लालसर वलय उमटते. इतर फिल्ममध्ये हा परतणारा प्रकाश अडवण्याची सोय केलेली असते.

मग अशी फिल्म हाती आली तर काय करावे? पहिली तीन चित्रे चाचणीसाठी राखावीत. स्वच्छ दुपारच्या उन्हात, २०० वेगाच्या फिल्मला, एफ १६ छिद्र आणि सेकंदाचा सुमारे १/२०० भाग हा ढोबळ नियम आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर १/२५० हा जवळचा आकडा मिळतो. तेच दृश्य एकदा या मोजमापाने, एकदा दुप्पट व एकदा निम्म्या प्रकाशात घ्यावे. दृश्यात पांढरा, करडा व काळा असे कागद ठेवावेत आणि प्रत्येक चित्राची नोंद वहीत करावी. छत्तीसपैकी तीन म्हणजे बारावा हिस्सा. तो खर्च वाटेल. पण उरलेल्या तेहेतीस चित्रांना त्याचाच आधार असतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रोल पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. उष्णतेने थरांचा प्रतिसाद बदलतो. हवाबंद डबीत घालून तो फ्रिजमध्ये ठेवावा. वापरण्यापूर्वी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच डबी उघडावी, नाहीतर थंड फिल्मवर हवेतील बाष्प जमते.

घेतलेला रोल मात्र साठवू नये. प्रकाशाने उमटलेली अदृश्य प्रतिमा दिवसेंदिवस क्षीण होत जाते. आपल्या घरात किंवा शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनाचा एखादा न धुतलेला रोल असेल, तर डबीवर पद्धतीचे नाव वाचावे. सी-४१ असेल तर तो लगेच धुवायला पाठवावा. ही सोय आज आहे. कोडाक्रोमची सोयही एकेकाळी होतीच.