शोकाला आरोपी लागतो

१४ जून २०२०, रविवार. अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेल्याची बातमी दुपारी आली, तेव्हा देश टाळेबंदीतून नुकता कुठे बाहेर पडत होता. सोलापुरात करोनाचा जोर होता. चित्रपटगृहं बंद, माणसं घरात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. अवघ्या चौतीस वर्षांचा, हसऱ्या चेहऱ्याचा, पडद्यावर धोनी साकारून घराघरांत पोचलेला हा मुलगा असा गेला, याचं दुःख खरं होतं. पण महिना-दीड महिन्यात त्या दुःखाचा राग झाला आणि त्या रागाला एक चेहरा मिळाला: त्याची मैत्रीण, अभिनेत्री रिया चक्रवर्ती.

१६ जुलैला तिने आपल्याला आलेली एक धमकी समाजमाध्यमावर जाहीर केली. बलात्काराची आणि खुनाची धमकी, आणि वर सल्ला की त्यापेक्षा स्वतःच जीव दे. एका आत्महत्येने हळहळणाऱ्या गर्दीतूनच दुसऱ्या माणसाला आत्महत्या कर असं सांगितलं जात होतं.

पुढचं बऱ्याच जणांना आठवत असेल. २५ जुलैला सुशांतच्या वडिलांच्या तक्रारीवरून पाटण्यात गुन्हा नोंदला गेला. मुलगा गमावलेल्या बापाने चौकशी मागणं स्वाभाविकच होतं. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सीबीआय तपासावर शिक्कामोर्तब केलं. ८ सप्टेंबरला अमली पदार्थविरोधी यंत्रणेने रियाला अटक केली. सुमारे चार आठवडे ती भायखळ्याच्या कारागृहात होती. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच सुमारास दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी खुनाची शक्यता नाकारली आणि ही आत्महत्याच असल्याचं मत दिलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. कुणी त्याला मृत्यूकडे ढकललं असा पुरावा मिळाला नव्हता.

मृत्यूनंतर पावणेपाच वर्षांनी तपास यंत्रणेने आपली फाइल मिटवली. त्या काळात ज्यांनी एखादा मजकूर पुढे पाठवला, एखादी शिवी टंकली किंवा नुसता अंगठा दाखवला, त्यांची फाइल मात्र उघडीच आहे. ती उघडून पाहावी, असं एक डॉक्टर म्हणून मला वाटतं. कारण तेव्हा घडलं ते सरकारी दवाखान्यातल्या माणसाला नवीन नव्हतं.

‘कुणामुळे?’

आत्महत्येचा प्रयत्न केलेले रुग्ण आमच्या ‘सिव्हिल’सारख्या रुग्णालयात सतत येतात. रुग्ण वाचला नाही, की अपघात विभागाबाहेर पहिला हंबरडा फुटतो आणि त्यापाठोपाठ पहिला प्रश्न येतो, ‘कुणामुळे?’ आजार कोणता होता, झोप किती दिवस लागत नव्हती, आधी कधी असं बोलून दाखवलं होतं का, हे प्रश्न फार उशिरा येतात, कित्येकदा येतच नाहीत. ‘कुणामुळे’चं उत्तर मात्र तिथल्या तिथे तयार असतं. गेलेला पुरुष असेल तर बहुतेक वेळा ते उत्तर कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभं असतं: त्याची बायको.

वैद्यकशास्त्राला हे उत्तर मान्य नाही. आत्महत्येमागे एक कारण आणि एक माणूस जवळजवळ कधीच नसतो. नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार, व्यसन, दुखणं, कर्ज, एकटेपणा, घरातला तणाव, आधीचा प्रयत्न अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंततात. त्यात एखादा अविचाराचा क्षण आणि हाताशी असलेलं साधन यांची भर पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२० या एका वर्षात देशात १,५३,०५२ जणांनी आत्महत्या केली. त्यातले १९,९०९ महाराष्ट्रातले होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. या नोंदींत ‘कौटुंबिक समस्या’, ‘आजार’ असे रकाने असतात. रकान्यात एक कारण मावतं, माणसाचं आयुष्य मावत नाही.

सुशांतवर मानसिक आजारासाठी उपचार सुरू होते, असं मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं. पण ‘त्याच्यासारखा हुशार, यशस्वी मुलगा आजारी असूच शकत नाही’ असं म्हणत लोकांनी आजारच नाकारला. उपचारांकडेही संशयाने पाहिलं गेलं. मनाच्या आजारावरच्या गोळ्या म्हणजे विष, हा आपल्याकडचा जुना गैरसमज त्या दिवसांत आणखी घट्ट झाला असेल, तर त्याची किंमत रियापुरती मर्यादित नाही. गोळ्या मध्येच सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णाने ती मोजली असणार.

पांढऱ्या पायाची

दोष शोधणं हा शोकाचाच एक भाग आहे. अकाली मृत्यू मनाला अर्थहीन वाटतो आणि अर्थहीन गोष्ट मनाला सोसवत नाही. कुणीतरी केलं असं ठरवलं, की निदान गोष्ट पुरी होते. शिवाय रागात एक आधार असतो. दुःखात माणूस हतबल असतो, रागात त्याला आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

पण हा राग कुणावर जातो, ते समाज ठरवतो. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयारच आहेत. लग्नानंतर घरात काही वाईट झालं की सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. २०२० मध्ये वाहिन्यांच्या चर्चांत आणि मोबाइलवर रियासाठी काळी जादू, वशीकरण, पैशांची हाव असेच आरोप फिरले. ती बंगाली म्हणून तमाम बंगाली बायकांना चेटकिणी ठरवलं गेलं. ज्या महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच महाराष्ट्राच्या राजधानीतल्या एका मृत्यूचं स्पष्टीकरण लोक जादूटोण्यात शोधत होते. तंत्रज्ञान नवं होतं, शिव्या आजीच्या काळातल्या होत्या.

न भेटलेली ओळखीची माणसं

ज्याला कधी भेटलो नाही, त्याच्यासाठी एवढं का पेटायचं? याचं उत्तर १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी दिलं होतं. दूरचित्रवाणीवर रोज दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एक एकतर्फी नातं जुळतं. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. पण मन हा फरक पुरता जाणत नाही. त्यामुळे कलाकार गेला की घरचं माणूस गेल्यासारखं रडू येतं. यात वेडेपणा काही नाही.

हे नातं हक्कही सांगू लागतं. सोलापूर जिल्ह्याने हे जवळून पाहिलं आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू एका रात्रीत सगळ्यांची ‘आर्ची’ झाली. तिच्याभोवतीची गर्दी एवढी वाढली की तिला दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली, आणि तिला गुण किती पडले हीसुद्धा बातमी झाली. ते प्रेम होतं, मान्य. पण एका मुलीचं शाळेत जाणं अवघड करणारं प्रेम आणि दुसरीला घराबाहेर पडू न देणारा द्वेष यांचं मूळ एकच आहे. ‘ती आपली आहे, म्हणून तिच्याबद्दल काहीही बोलायचा हक्क आपला’, हे ते मूळ.

रागाची चव

झ्युरिच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक प्रयोग केला. खेळात विश्वासघात करणाऱ्याला शिक्षा करण्याची संधी लोकांना दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. शिक्षा देताना मेंदूतला बक्षिसाशी, समाधानाशी जोडलेला भाग जास्त सक्रिय झाला. म्हणजे दुष्टाला शिक्षा करण्यात आपल्याला सुख मिळतं. गावगाड्यात याचा उपयोगही असेल, कारण तिथे शिक्षा देणारा समोरच्याला ओळखत असे, त्याची बाजू ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर त्याला तोंड दाखवत असे.

मोबाइलने हे तिन्ही लगाम काढून टाकले. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, आपलं नावही लपवता येतं. त्यात गर्दीची दाद मिळते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१७) असं दिसलं, की वादग्रस्त विषयांवरच्या ट्विटमध्ये नीती आणि भावना दोन्ही चेतवणारा प्रत्येक शब्द वाढला की तो मजकूर सुमारे वीस टक्क्यांनी जास्त पसरतो. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ जणांचे सुमारे १ कोटी २७ लाख ट्विट तपासले. संतापाला पसंती मिळाली की माणूस पुढच्या वेळी आणखी संताप दाखवतो, असं त्यांना आढळलं. साखर दिली की पोपट बोलायला शिकतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्याला वाटतं आपण न्याय मागतोय. प्रत्यक्षात कुणीतरी आपल्याला संतापायला शिकवत असतं.

एकेक थेंब

‘मी फक्त पुढे पाठवलं, माझ्या एकट्याने काय होणार?’ हा युक्तिवाद पाठवणाऱ्याच्या बाजूने खरा वाटतो. हजार जणांनी एकेक वाक्य लिहिलं तर प्रत्येकाच्या वाट्याला हजारावा भाग येतो. पण दुसऱ्या टोकाला मोबाइल एकच असतो आणि तिथे हजारच्या हजार वाक्यं पोचतात. अशा माऱ्याखाली शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात राहतं. झोप तुटते, छाती धडधडते, भूक जाते, हात थरथरतात आणि मन एकाच विचाराभोवती फिरत राहतं. ती व्यक्ती प्रसिद्ध आहे, श्रीमंत आहे, म्हणून तिचं शरीर वेगळं वागत नाही.

हे कुठवर जाऊ शकतं, ते सुशांतच्या मृत्यूच्या तीनच आठवडे आधी जपानमध्ये दिसलं होतं. एका वास्तवदर्शी टीव्ही कार्यक्रमातली बावीस वर्षांची कुस्तीपटू हाना किमुरा हिच्यावर समाजमाध्यमांतून द्वेषाचा भडिमार झाला आणि मे २०२० मध्ये तिने आयुष्य संपवलं. तिथेही कारण एकच होतं असं म्हणणं चूक ठरेल, पण त्या भडिमाराचा वाटा जपानी समाजाने नाकारला नाही. तिला शिवीगाळ करणाऱ्या एकाला अवघ्या नऊ हजार येनचा दंड झाला, तेव्हा लोक अस्वस्थ झाले. २०२२ मध्ये अशा अपमानासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली. दक्षिण कोरियात तरुण गायिका-अभिनेत्री सुली हिच्या २०१९ मधल्या मृत्यूनंतर मोठ्या वृत्तस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखालची प्रतिक्रियांची सोयच बंद केली.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात वृत्तवाहिन्यांच्या समांतर खटल्यांवर ताशेरे ओढले. आत्महत्येच्या बातमीत गेलेल्या माणसाला दुबळा ठरवू नये, असंही त्यात बजावलं. पण न्यायालय वाहिनीला सांगू शकतं. घरातल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटाला कोण सांगणार?

मग करायचं काय?

आपल्या वाट्याचा विचार करताना एक वैद्यकीय फरक लक्षात ठेवावा. ‘मी वाईट माणूस आहे’ असं वाटणं म्हणजे शरम. ती माणसाला लपायला लावते किंवा उलट आणखी चिडवते. ‘मी केलं ते वाईट होतं’ असं वाटणं म्हणजे पश्चात्ताप. तो दुरुस्तीकडे नेतो. आपल्याला दुसरा हवा आहे.

दुरुस्ती साधी असते. जुना मजकूर अजून असेल तर काढून टाकावा. ज्या गटात तो पाठवला, त्याच गटात ‘ते खरं नव्हतं’ एवढं एक वाक्य लिहावं. अफवा चार गटांत पाठवून पश्चात्ताप एकट्याने केला तर हिशेब जुळत नाही. त्या अभिनेत्रीला माफीचे लांबलचक संदेश पाठवण्याची मात्र गरज नाही. अनोळखी माणसांनी मन मोकळं करायला तिच्याच दारात यावं, हाही पुन्हा तोच हक्क झाला.

पुढच्या वेळी कुणा कलाकाराच्या नावाने आग पेटेल, आणि ती पेटणारच, तेव्हा काही लिहिण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. संतापाचा पहिला जोर झोपेने बराच ओसरतो. आपण लिहितोय ते त्या व्यक्तीच्या आईसमोर मोठ्याने वाचू शकू का, एवढं स्वतःला विचारावं. घरातली शाळकरी मुलं आपल्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत असतात, हेही विसरू नये. शिव्या कुणाला द्यायच्या असतात, ते ती आपल्याकडूनच शिकतात.

या सगळ्याची खरी परीक्षा मुंबईत होणार नाही. ती आपल्याच पेठेत, आपल्याच गल्लीत होईल. एखाद्या घरात असा मृत्यू होईल, आपण मातीला जाऊ, आणि परत येताना कुणीतरी हळूच म्हणेल, ‘बायकोच तशी होती.’ तेव्हा मान डोलवू नये. ‘तो आजारी असेल, आपल्याला कळलं नाही’ एवढंच म्हणावं. दहाव्यानंतर गर्दी ओसरली की त्या बाईकडे जावं, जेवलीस का, झोप लागते का, असं विचारावं. आत्महत्येने जवळचं माणूस गमावलेल्यांना स्वतःलाच आत्महत्येचा धोका अधिक असतो. त्यात गावाचा आरोप डोक्यावर असेल तर तिला बोलायलाही जागा उरत नाही.

जीव नकोसा वाटत असेल, किंवा जवळच्या कुणाबद्दल तशी शंका येत असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतून बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जाता येईल. तिथे ‘कुणामुळे?’ असं विचारत नाहीत. ‘केव्हापासून बरं वाटत नाही?’ असं विचारतात.