मॅनेजरचा पगार इमारत ठरवते, गाव नव्हे

‘रिअल इस्टेटमध्ये आहे’ असं कुणी सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात मोठा आकडा धरतो. त्यात सरासरी पगाराचे तयार आकडे सगळीकडे फिरत असतात. मीरा-भाईंदरमध्ये हे आकडे फारसे उपयोगी पडत नाहीत. सोसायटीचा मॅनेजर, घरं भाड्याने लावून देणारा एजंट, बिल्डरच्या विक्री कार्यालयातला माणूस, सकाळची लोकल पकडून बीकेसीतली कार्यालयांची इमारत सांभाळायला जाणारा आणि म्हाडाचा मिळकत व्यवस्थापक या सगळ्यांना एका नावाखाली मोजलं, की निघणारी सरासरी यांच्यापैकी कुणाचीच नसते.

गैरसमज: मुंबईची हद्द संपली की मॅनेजरचा पगार घसरतो.

दहिसर चेकनाक्याचा आणि या पगाराचा थेट संबंध नाही. सोसायटीच्या मॅनेजरचा पगार मेंटेनन्समधून जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत नोकरांचे पगार सेवा शुल्कात धरलेले आहेत, आणि सेवा शुल्क सगळ्या सदनिकांवर सारखं वाटायचं असतं. घर वन रूम किचन असो की थ्री बीएचके. (अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींत वाटणीची रीत वेगळी आहे.) म्हणजे खरा प्रश्न एवढाच, की पगार किती दारांत विभागला जातो.

समजा, महिन्याला २४,००० रुपये द्यायचे ठरले. २० घरांच्या जुन्या इमारतीत प्रत्येक घरावर १,२०० रुपये पडतात. १६० घरांच्या टॉवरमध्ये १५०. बाराशे म्हटल्यावर सभेत आवाज चढतात. दीडशेला कुणी हरकत घेत नाही. म्हणूनच बिनलिफ्टच्या जुन्या इमारतींत एकच माणूस चार-पाच सोसायट्यांची बिलं, पावत्या आणि थकबाकीच्या नोटिसा अर्धवेळ सांभाळतो, आणि टॉवरला पूर्णवेळ मॅनेजर परवडतो. बोरिवलीतल्या छोट्या इमारतीचीही हीच अडचण आहे.

काम मात्र छोट्या इमारतीतही हलकं नसतं. शहराला स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि एमआयडीसी पाणी देतात. कपात झाली की टाकी किती भरली, टँकर कधी येणार, पंप कुणी चालू करायचा, हे सगळे फोन याच माणसाला जातात. रात्रीचे हे फोन कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाहीत, आणि माझ्या मते हीच या कामाची सर्वांत कमी लेखली गेलेली बाजू आहे.

गैरसमज: सेक्रेटरीलाही पगार असतो.

नसतो. सेक्रेटरी सभासदांमधून निवडून येतो; मॅनेजर नोकरीवर असतो. पदाधिकाऱ्यांना मानधन द्यायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

गैरसमज: सोसायटी एजन्सीला जेवढे मोजते, तेवढे मॅनेजरला मिळतात.

मॅनेजर एजन्सीमार्फत घेतला आणि तिचं बिल ४०,००० चं असेल तर १८ टक्के जीएसटी धरून सोसायटीच्या खात्यातून ४७,२०० जातात. त्यातले ७,२०० सरकारचे. उरलेल्या ४०,००० तून एजन्सी आपला खर्च आणि नफा काढते, मग पगार.

गैरसमज: एजंटची दलाली कायद्याने ठरलेली आहे, आणि ती सगळी त्याचीच.

रेरा कायदा दलालीचा दर ठरवत नाही. भाड्याच्या घराला एका महिन्याचं भाडं आणि विक्रीला एक-दोन टक्के हा बाजाराचा रिवाज आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे ८०,००० रुपये. पण चावी एका एजंटकडे आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे असलं की वाटणी होते, आणि पुढचा सौदा कधी जमेल याची खात्री नसते. महारेराच्या नोंदणीला एका व्यक्तीसाठी १०,००० रुपये शुल्क आहे. ती पाच वर्षं चालते, आणि आता त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. ही नोंदणी रेराखालच्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी लागते. जुन्या फ्लॅटच्या रिसेलला किंवा भाड्याच्या व्यवहाराला नाही. ठिकाणाचा फरक इथे मात्र खरोखर पडतो. टक्का तोच राहतो, पण मीरा रोडचं घर बोरिवलीपेक्षा स्वस्त असल्याने सौद्यामागची कमाई कमी.

गैरसमज: सरकारी नोकरीत तरी उपनगराबाहेर कमी मिळतं.

मीरा-भाईंदरमध्ये तसं नाही. घरभाडे भत्त्यासाठी केंद्र सरकारने शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे वर्ग केले आहेत. बृहन्मुंबई नागरी समूह एक्स वर्गात आहे, आणि जनगणनेत मीरा-भाईंदर त्याच समूहात मोजलं जातं. खाडीपलीकडची वसई-विरार महापालिका वाय वर्गात. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हा भत्ता एक्स वर्गाला मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि वायला २० टक्के आहे. मूळ वेतन ४०,००० असेल तर भाईंदरच्या कार्यालयात १२,००० आणि एक स्टेशन पुढे, नायगावला, ८,०००. भत्ता कार्यालयाच्या जागेवर ठरतो, राहत्या घरावर नाही. सोसायटीच्या मॅनेजरला या यादीचा काहीच फायदा नाही.

गैरसमज: नोकरी लागली म्हणजे पीएफ आणि कामगार न्यायालय आलंच.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे बंधनकारक होतो. बहुतेक सोसायट्यांत वॉचमन, सफाईवाले आणि मॅनेजर धरूनही एवढी माणसं भरत नाहीत. शिवाय २००२ साली सोम विहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आपल्या सदस्यांना सेवा देणारी सोसायटी तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘उद्योग’ ठरत नाही, असा निकाल दिला. त्यामुळे रुजू होण्याआधी मॅनेजरने नियुक्तीपत्र मागावं. त्यात पगार, दरवर्षीची वाढ, सुट्टी, नोटिशीची मुदत आणि किती इमारतींचं काम आपल्याकडे आहे हे लिहून घ्यावं, आणि नेमणुकीचा ठराव समितीच्या इतिवृत्तात नोंदला आहे ना, हे स्वतः पाहावं.