प्रकल्पाचे शेवटचे पान

मंडळाच्या बहुतेक घरांत सध्या मुलांच्या प्रकल्पांची धांदल आहे. आम्ही उभी नोकरी बँकेत काढली, व्हाउचरशिवाय रुपया पुढे सरकू दिला नाही. पण गेल्या वर्षी नात निपाणीच्या तंबाखूवर प्रकल्प करत होती, तेव्हा १९५१ सालची निपाणीची लोकसंख्या आम्ही तिला बेधडक तोंडी सांगितली. बाईंनी विचारले, "हा आकडा कुठला?" पोरगी म्हणाली, "आजोबांनी सांगितला." घरभर शोधले, आधार सापडला नाही. आकडा खोडावा लागला. पोरीपेक्षा आम्हालाच जास्त लागले.

असा आकडा जनगणनेच्या अहवालात मिळतो. पण आपल्या भागात अहवाल कोणत्या राज्याचा, हे आधी पाहावे लागते. १९५१ ला आपण मुंबई राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो, म्हणून १९६१ आणि १९७१ चे आकडे म्हैसूरच्या खंडांत आहेत. राज्याचे नाव १९७३ ला कर्नाटक झाले, त्यामुळे १९८१ पासून त्या नावाखाली शोधायचे. सूचीत नुसते 'जनगणना' लिहिले तर तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा, खंड आणि पान हवे.

पुस्तकाची नोंद आडनावापासून सुरू करावी: लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, गाव, वर्ष. मग सगळ्या नोंदी अ-आ-इ क्रमाने लावाव्यात. गावाचे नाव पुस्तकावर छापले असेल तसेच ठेवावे. २०१४ पासून सरकारदरबारी 'बेळगावी' झाले म्हणून जुन्या पुस्तकावरचे 'बेळगाव' बदलू नये. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे शके १८०६ ची सुरुवात १८८४ मधली. मात्र जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. कन्नड पुस्तक वापरले असेल तर नाव देवनागरीत लिहून पुढे कंसात 'कन्नड' लिहावे. ते लपवण्याचे काही कारण नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. सीमाप्रश्नावर लिहिणारी मुले महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल सूचीत टाकतात. अहवाल पाहिलेला नसतो, कुठल्या तरी लेखात त्याचा उल्लेख वाचलेला असतो. जे हातात घेतले त्याचेच नाव द्यावे: अमुक लेखात उद्धृत. या विषयावर दोन्हीकडची माणसे आपापल्या सोयीचे तेवढेच उचलतात. अशा वेळी मुलाने नेमके काय वाचले हे कळायलाच हवे.

वर्तमानपत्राच्या कात्रणावर तारीख, आवृत्ती व पान कापतानाच लिहून ठेवा. नंतर आठवत नाही. संकेतस्थळ असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख. 'गूगल' हा संदर्भ नव्हे, तो फक्त वाट दाखवतो.

आजी-आजोबांच्या आठवणीही चालतात बरे का! १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन पाहिलेली माणसे अजून घरोघरी आहेत. त्यांना विचारून नाव, गाव, वय आणि मुलाखतीची तारीख लिहावी. नाव द्यायचे की नाही हेही विचारावे. आकडा सांगितला तर तो तेवढा अहवालात पडताळावा.

नातीने यंदा वही घातली आहे. पुस्तक हातात आले की आधी पहिले पान उतरवून घेते, मग वाचते. आमच्या नावापुढे तिने 'मुलाखत, पडताळणी बाकी' असे लिहिले आहे.