यूपीआयवर पैसे कापले, पण समोर पोहोचलेच नाहीत! मग ते असतात कुठे?

घाटकोपर स्टेशनबाहेर सकाळची गर्दी. वडापावच्या गाडीवर क्यूआर स्कॅन होतो, पिन टाकला जातो आणि खात्यातून ४० रुपये गेल्याचा मेसेज येतो. पण गाडीवरचा साउंडबॉक्स गप्पच! ग्राहक म्हणतो पैसे गेले, विक्रेता म्हणतो आलेच नाहीत. अशा वेळी दोघंही खरं बोलत असू शकतात. हे कसं होतं, ते कळायला बँकेच्या डेटाबेसमध्ये डोकवावं लागेल.

एकाच बँकेत व्यवहार कसा होतो?

बँका खात्यांची माहिती साधारणपणे रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवतात. म्हणजे एका तक्त्यात खातेदार, दुसऱ्यात खाती आणि शिल्लक, तिसऱ्यात व्यवहार. खाते क्रमांकासारख्या दुव्यांनी हे तक्ते एकमेकांना जोडलेले असतात. ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली.

समजा, दोघांचंही खातं एकाच बँकेत आहे. ५०० रुपये पाठवायचे तर दोन कामं होतात: एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा. मधेच सर्व्हर बंद पडला तर? म्हणून डेटाबेस या दोन कामांची एकत्र मोट बांधतो. तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात. दोन्ही कामं झाली तर 'कमिट', म्हणजे नोंद पक्की. एक जरी अडलं तर 'रोलबॅक', म्हणजे सगळं पूर्ववत.

आणखी एक पेच बघा. जॉइंट खात्यात १,००० रुपये आहेत. नवरा बोरिवलीच्या एटीएममधून ८०० काढतोय आणि त्याच क्षणी बायको मुलुंडला ८०० रुपयांचं पेमेंट करतेय. दोघांनाही १,००० शिल्लक दिसली आणि दोन्ही व्यवहार झाले, तर खात्यात नसलेले ६०० रुपये बाहेर जातील. त्यामुळे पहिला व्यवहार पूर्ण होईपर्यंत डेटाबेस ती नोंद लॉक करतो. दुसऱ्या व्यवहाराला मग शिल्लक २०० दिसते आणि तो नाकारला जातो.

मग यूपीआयमध्ये घोळ कुठे होतो?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं नोंदणीकृत कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ११ एप्रिल २०१६ ला २१ बँकांसोबत यूपीआयची चाचणी सुरू झाली. इथे दोन बँका असतात, म्हणजे डेटाबेसही दोन. दोघांना एकाच मोटेत बांधता येत नाही.

एनपीसीआय मधे निरोप्याचं काम करते. आधी तुमच्या बँकेला सांगते, '४० रुपये वजा करा'. तिथे कमिट होतं. मग विक्रेत्याच्या बँकेला सांगते, '४० जमा करा'. त्या बँकेने स्पष्ट नकार दिला तर सोपं असतं: तुमच्या खात्यात उलटी नोंद होते आणि पैसे परत येतात.

खरी अडचण होते ती उत्तरच आलं नाही तर. पैसे जमा झाले आणि फक्त निरोप हरवला? की जमाच झाले नाहीत? लगेच ठरवता येत नाही. घाईने तुम्हाला पैसे परत केले आणि तिकडेही जमा झालेले असले, तर ४० चे ८० होतील! म्हणून व्यवहार 'पेंडिंग' दिसतो. नंतर बँका आपापल्या नोंदी एनपीसीआयच्या नोंदींशी ताडून बघतात आणि फरक मिटवतात. थोडक्यात, पेंडिंग म्हणजे 'फेल' नाही, तर 'अजून माहीत नाही'.

लगेच पुन्हा स्कॅन करावं का?

प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र आयडी असतो. यंत्रणेत एकच निरोप दोनदा गेला तर आयडीवरून तो ओळखता येतो. पण तुम्ही पुन्हा स्कॅन केलंत की नवा आयडी तयार होतो. यंत्रणेच्या दृष्टीने तो दुसराच वडापाव! त्यामुळे आधी ॲपमधलं स्टेटस बघा. विक्रेत्यानेही ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर न जाता स्वतःच्या खात्यातली नोंद तपासावी.

पैसे कधी परत मिळतात?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरवून दिली आहे.

- व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर व्यवहारानंतर जास्तीत जास्त १ दिवसात ते परत यायला हवेत.
- दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत ५ दिवसांची आहे.
- उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ग्राहकाने तक्रार केलेली नसली तरीही.

मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक घेऊन ॲपमध्ये किंवा बँकेत तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

एक सावधगिरी

पैसे अडकले की अनेक जण इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि भामट्यांच्या हाती सापडतात. रिफंडसाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. उलटी नोंद बँकाच करतात, तुम्हाला काहीच दाबावं लागत नाही. 'पैसे परत हवेत तर पिन टाका' असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पिन टाकलात, तर खात्यातून आणखी पैसे जातील आणि तो व्यवहार डेटाबेसच्या दृष्टीने अगदी बिनचूक असेल.